बैठक न घेतल्याचा गुन्हा : आइसलँडच्या पंतप्रधानांवरील खटल्याचा अभ्यास

23 एप्रिल 2012 रोजी रेक्याविकमध्ये पंधरा न्यायाधीशांच्या न्यायालयाने देशाचे माजी पंतप्रधान गेइर हार्दे यांना दोषी ठरवले. मंत्र्यांवरच्या खटल्यांसाठीचे हे न्यायालय 1905 पासून कागदोपत्री अस्तित्वात होते, पण त्याआधी ते एकदाही बसले नव्हते. खटला उभा राहिला तो अर्थव्यवस्था बुडत असताना हातावर हात ठेवून बसल्याबद्दल. सिद्ध झाले ते एवढेच, की पंतप्रधानांनी राज्यकारभारातल्या महत्त्वाच्या विषयावर मंत्रिमंडळाची बैठक घेतली नाही. शिक्षा शून्य. खटल्याचा खर्च, बचाव पक्षाच्या वकिलाच्या फीसकट, सरकारी तिजोरीवर.

डोंगर पोखरून उंदीर निघाला, असेच तेव्हा बहुतेकांना वाटले. खुद्द हार्दे यांनीही निकालाची खिल्ली उडवली. मला मात्र या प्रकरणात तो उंदीरच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारच्या आर्थिक निर्णयांचा जाब कुणाला विचारायचा हे ठरवायला आधी निर्णय कुणी, कुठे बसून घेतला ते सापडावे लागते. आइसलँडमध्ये नेमके तेच सापडत नव्हते.

पार्श्वभूमी

आइसलँडची लोकसंख्या 2008 मध्ये सुमारे 3 लाख 20 हजार होती. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. मासेमारी, ॲल्युमिनियम आणि थोडे पर्यटन यांवर चालणाऱ्या या देशाने शतकाच्या सुरुवातीला सरकारी बँका विकल्या. पंतप्रधान होते दाविद ओद्सॉन, अर्थमंत्री होते हार्दे. ग्लिटनिर, लांड्सबांकी आणि कौपथिंग या तीन बँका परदेशातून स्वस्त कर्ज उचलून इतक्या फुगल्या, की 2007 अखेर त्यांची एकत्रित मालमत्ता देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहा पट झाली. बँक अडचणीत आली तर मध्यवर्ती बँक शेवटचा आधार, हे तत्त्व इथे आकड्यांतच बसत नव्हते. बँकांची देणी युरो आणि पौंडांत होती, तर मध्यवर्ती बँक छापू शकत होती फक्त क्रोना.

परदेशी कर्ज महाग होऊ लागल्यावर लांड्सबांकीने ब्रिटनमध्ये 2006 च्या ऑक्टोबरात ‘आइससेव्ह’ नावाची इंटरनेटवरची ठेव योजना आणली. मे 2008 मध्ये, म्हणजे पाणी नाकाशी आलेले असताना, तीच योजना नेदरलँड्समध्ये सुरू केली. ब्रिटनमध्ये तीन लाखांहून अधिक ठेवीदार आले, नेदरलँड्समध्ये लाखाहून अधिक. परक्या देशांतले ठेवीदार अख्ख्या आइसलँडच्या लोकसंख्येपेक्षा जास्त! त्यात मेख अशी होती, की लांड्सबांकीने तिथे वेगळी उपकंपनी न काढता नुसती शाखा काढली होती. शाखा असली की ठेव विम्याची पहिली जबाबदारी मूळ देशाच्या हमी निधीवर येते. प्रत्येक ठेवीदारामागे ती 20,887 युरोपर्यंत होती.

फेब्रुवारी ते सप्टेंबर 2008

या प्रकरणाचा सगळा जीव या आठ महिन्यांत आहे.

दाविद ओद्सॉन एव्हाना मध्यवर्ती बँकेचे मुख्य गव्हर्नर झाले होते. पंतप्रधानपदावरून उतरलेला माणूस वर्षभर परराष्ट्रमंत्री राहून मध्यवर्ती बँकेत, आणि त्याच्याच पक्षातला त्याचा जुना सहकारी पंतप्रधान. 7 फेब्रुवारी 2008 रोजी ओद्सॉन यांनी पंतप्रधान हार्दे, परराष्ट्रमंत्री इंगिब्योर्ग सोलरून गिस्लादोत्तिर आणि अर्थमंत्री आर्नी माथिएसेन यांना भेटून, लंडनच्या बँकवर्तुळात आपल्या बँकांबद्दल काय बोलले जाते ते सांगितले. चित्र भयंकर होते. पुढच्या महिन्यांत अशा भेटी होत राहिल्या.

बँकांचे खाते वाणिज्यमंत्री ब्योर्गविन सिगुर्डसन यांच्याकडे होते. वित्तीय पर्यवेक्षण संस्थाही त्यांच्याच खात्याखाली. पण मध्यवर्ती बँकेबरोबरच्या या कळीच्या बैठकांपासून ते दूर राहिले, किंवा खरे सांगायचे तर दूर ठेवले गेले. ते आघाडीतल्या दुसऱ्या पक्षाचे, सोशल डेमोक्रॅटिक आघाडीचे होते. त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्ष इंगिब्योर्ग सोलरून त्या बैठकांना होत्या, त्यांनीही आपल्या मंत्र्याला सोबत घेतले नाही. म्हणजे हा दोष एका पक्षाचा नव्हता.

मे महिन्यात डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या मध्यवर्ती बँकांनी आइसलँडला प्रत्येकी 50 कोटी युरोपर्यंतच्या चलन अदलाबदलीची सोय दिली. शेजारी फुकट मदत करत नसतात. बँकांचा आकार कमी करण्यासाठी सरकार दबाव आणेल, असे लेखी वचन त्यांनी मागून घेतले. त्या कागदावर सह्या सहा : पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकेचे तिघे गव्हर्नर. ज्यांनी बँकांवर हा दबाव आणायचा, त्या वाणिज्यमंत्र्यांची सही त्यावर नाही. आपल्याकडे मंत्रालयात एखादी फाइल संबंधित खात्याला वळसा घालून फिरली, तर पुढे लेखापरीक्षणात त्यावर लाल शेरा पडतो. इथे अख्खा देश त्या वळशाच्या रस्त्याने चालला होता.

आता एक घटनात्मक बारकावा. आपल्या राज्यघटनेच्या कलम 75 प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. आइसलँडमध्ये प्रत्येक मंत्री आपापल्या खात्याचा धनी असतो आणि निर्णयाची जबाबदारीही त्याची एकट्याची. मंत्रिमंडळ म्हणून एकत्र निर्णय घेणारी संस्था तिथे नाही. म्हणून तिथल्या घटनेचे कलम 17 म्हणते, की नवे कायदे आणि राज्याचे महत्त्वाचे विषय यांवर मंत्र्यांच्या बैठका झाल्या पाहिजेत. खाती सुटी सुटी असताना सगळ्यांना एका टेबलावर आणणारी ती एकच जागा. ती जागाच रिकामी राहिली, तर ज्याला माहिती आहे त्याच्याकडे अधिकार नाही आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला माहिती नाही, अशी गत होते. 2008 मध्ये झाले ते नेमके हेच.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ग्लिटनिरकडचे पैसे संपत आले. 29 सप्टेंबरला सोमवारी सरकारने 60 कोटी युरोंत बँकेचा 75 टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केली. वाटाघाटींत बँकांच्या खात्याचे मंत्रीच नव्हते. या घोषणेने धीर वाटण्याऐवजी बाजाराची पाचावर धारण बसली.

कोसळणे

ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 6 ऑक्टोबर 2008 रोजी हार्दे दूरचित्रवाणीवर आले आणि ‘देव आइसलँडचे भले करो’ म्हणून भाषण संपवले. त्या रात्री आणीबाणीचा कायदा मंजूर झाला. 7 तारखेला लांड्सबांकी आणि ग्लिटनिर, 9 तारखेला कौपथिंग. ब्रिटनने दहशतवादविरोधी कायदा वापरून लांड्सबांकीची मालमत्ता गोठवली, ही जखम आइसलँडवासी अजून विसरलेले नाहीत. नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2.1 अब्ज डॉलरचे कर्ज दिले. भांडवल बाहेर नेण्यावर तेव्हा आलेले निर्बंध 2017 च्या मार्चमध्ये बहुतांशी उठले.

लोक संसदेसमोरच्या आउस्तुरव्होल्लुर चौकात भांडी बडवत जमू लागले. जानेवारी 2009 मध्ये हार्दे यांना अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले, आणि त्याच महिन्यात सरकार पडले. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या इंडिपेंडन्स पक्षाच्या जागा 25 वरून 16 वर आल्या. इथवरचे उत्तरदायित्व मतपेटीतले, आणि ते कुठल्याही लोकशाहीत असते.

अहवाल

आइसलँडने वेगळे केले ते यानंतर. संसदेने डिसेंबर 2008 मध्येच विशेष चौकशी आयोग नेमला. बँकांची गोपनीयता त्याच्या आड येणार नाही, असा अधिकार त्याला कायद्याने दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पाउल ह्रेइन्सन, संसदेचे लोकपाल त्रिग्वी गुन्नार्सन आणि येल विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ सिग्रीदुर बेनेदिक्तस्दोत्तिर असे तिघे सदस्य. 12 एप्रिल 2010 रोजी नऊ खंडांचा, दोन हजारांहून अधिक पानांचा अहवाल आला. (दोनच दिवसांनी ज्वालामुखीच्या राखेने युरोपची विमाने जमिनीवर आणली. जगाच्या आठवणीत त्या आठवड्याचे तेवढेच राहिले.) रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी हा अहवाल रात्रंदिवस सलग मोठ्याने वाचून काढला. सरकारी अहवालाचे पारायण झाल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आयोगाने तीन मंत्री, मध्यवर्ती बँकेचे तीन गव्हर्नर आणि पर्यवेक्षण संस्थेचे प्रमुख अशा सात जणांवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. मंत्री म्हणजे हार्दे, माथिएसेन आणि सिगुर्डसन.

आपल्याकडे अशा वेळी काय होते, याची तुलना मनात येतेच. मुंबईच्या शेअर बाजारातला 1992 चा रोखे घोटाळा बाहेर आल्यावर संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. तिच्या अहवालानंतर अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी राजीनामा देऊ केला, पंतप्रधान नरसिंह राव यांनी तो स्वीकारला नाही आणि विषय तिथे थांबला. दोन प्रसंगांची व्याप्ती सारखी नाही. पण अहवालानंतरची पुढची पायरी कुठली, हे आपल्याकडे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. आइसलँडमध्ये ते लिहिलेले होते, आणि तिथेच घोळ झाला.

28 सप्टेंबर 2010 चे मतदान

मंत्र्यांवर खटला भरायचा की नाही हे तिथे संसद, म्हणजे आल्थिंग ठरवते. संसदेच्या समितीत एकमत नव्हते. बहुमताच्या शिफारशीत चार नावे होती, इंगिब्योर्ग सोलरून यांचे नाव आता त्यात आले होते. 63 सदस्यांनी प्रत्येक नावावर वेगळे मत दिले.

हार्दे : खटल्याच्या बाजूने 33, विरुद्ध 30. माथिएसेन : 31 विरुद्ध 32. इंगिब्योर्ग सोलरून : 29 विरुद्ध 34. सिगुर्डसन : 27 विरुद्ध 35, एक तटस्थ.

हे आकडे सावकाश वाचावेत. अर्थमंत्री एका मताने सुटला. सत्तेत आता सोशल डेमोक्रॅटिक आघाडी आणि डावे-हरित पक्ष होते. सोशल डेमोक्रॅटिक आघाडीतल्या काही खासदारांनी हार्दे यांच्यावर खटला भरायला होकार दिला आणि आपल्याच पक्षाच्या माजी अध्यक्षांच्या नावावर नकार. पुरावा तोच, बैठका त्याच, मे महिन्याच्या त्या कागदावर सह्याही शेजारी शेजारी. एकाच दुपारी माणसागणिक न्याय बदलला. हार्दे यांच्या समर्थकांनी याला राजकीय सूड म्हटले. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हटले असते.

वेळेची मर्यादा हा दुसरा घोळ. मंत्र्यांच्या जबाबदारीच्या 1963 च्या कायद्याप्रमाणे कृत्यानंतर तीन वर्षांत कारवाई सुरू झाली नाही, तर ती होत नाही. बँका कुणाला विकायच्या, पर्यवेक्षण किती सैल ठेवायचे, हे संकटाचे मूळ ठरवणारे निर्णय 2007 च्या आधीचे. ते घेणारे सगळे आपोआप सुटले. ओद्सॉन तर मंत्रीच नव्हते, त्यामुळे ते या न्यायालयाच्या कक्षेत येतच नव्हते. सप्टेंबर 2009 पासून ते ‘मोर्गुनब्लादिद’ या देशातल्या जुन्या वर्तमानपत्राचे संपादक होते आणि या खटल्यावर तिथे लिहून येत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे हार्दे यांच्या बाबतीत म्हणणे मला पटत नाही. ते संन्यासी नव्हते, 1998 ते 2005 अर्थमंत्री होते. पण एकट्याला उभे केल्याने खटल्याचे निम्मे बळ पहिल्या दिवशीच गेले, हे मान्य करावे लागते.

जानेवारी 2012 मध्ये खटला मागे घेण्याचा प्रस्ताव संसदेत आला. डाव्या-हरित पक्षाचे मंत्री ओग्मुंदुर योनासन यांनी स्वतः 2010 मध्ये खटल्याच्या बाजूने मत दिले होते. आपण चूक केली असे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिले. प्रस्ताव मंजूर झाला नाही.

न्यायालयात

लान्सदोमुर नावाच्या या न्यायालयात सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश, जिल्हा न्यायालयाचे प्रमुख, घटनात्मक कायद्याचे एक प्राध्यापक आणि संसदेने निवडलेले आठ नागरिक बसतात. मूळ आरोप सहा होते. त्यांतले दोन, ढोबळ हलगर्जीपणाचा आणि धोक्याचे सर्वांगीण विश्लेषण न केल्याचा, न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्येच काढून टाकले. मार्च 2012 मध्ये उरलेल्या चारांवर सुनावणी झाली. साक्षीला ओद्सॉन आले, मंत्री आले, बँकांचे प्रमुख आले.

तीन आरोप टिकले नाहीत : वित्तीय स्थैर्यासाठीच्या अधिकाऱ्यांच्या गटाकडून नीट काम करून घेतले नाही, बँकांचा आकार घटवायला लावले नाही, आइससेव्ह उपकंपनीत हलवून घेतले नाही. सरकारी वकील सिग्रीदुर फ्रिद्योन्सदोत्तिर यांची अडचण समजण्यासारखी आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये पंतप्रधानांनी बँकांना विक्री करायला भाग पाडले असते, तर त्या पडत्या बाजारात घेणार कोण होते? बँक आपली शाखा उपकंपनी करत नसेल, तर पंतप्रधानाच्या हातात नेमका कोणता हुकूम होता? ‘असे केले असते तर तसे झाले असते’ हे फौजदारी न्यायालयात सिद्ध करणे जवळपास अशक्य. पुढे जानेवारी 2013 मध्ये एफ्टा न्यायालयाने, म्हणजे आइसलँड सदस्य असलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या न्यायालयाने, आइससेव्हच्या ठेवी परत करण्याच्या वादात आइसलँड सरकारच्या बाजूने निकाल दिला, हेही लक्षात ठेवावे.

चौथा आरोप मात्र कागदावर तपासता येत होता. मंत्रिमंडळाच्या बैठकांची विषयपत्रिका आणि इतिवृत्ते काढा, फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत बँकांवरचे संकट हा विषय कुठे मांडलेला दिसतो ते पाहा. तो दिसेना. बचाव पक्ष म्हणाला, इतक्या नाजूक गोष्टी पूर्ण मंत्रिमंडळापुढे नेण्याची प्रथा नव्हती. बातमी फुटली असती तर ठेवीदारांची रांग लागली असती. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. बँक बुडाल्याची नुसती अफवाही बँक बुडवते, हे सहकारी बँकांबाहेरच्या रांगा पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण बारा जणांच्या मंत्रिमंडळापासून गुपित राखायचे एक वेळ समजू. ज्याच्याकडे बँकांचे खाते आहे त्याच्यापासून कशासाठी?

नऊ विरुद्ध सहा मतांनी न्यायालयाने हार्दे यांना कलम 17 च्या भंगाबद्दल दोषी धरले. विषय मंत्रिमंडळात आला असता, सरकारचे निश्चित धोरण ठरले असते, तर नुकसान कमी करता आले असते आणि राज्ययंत्रणा अधिक सज्ज राहिली असती असे म्हणण्यास जागा आहे, असे बहुमताने नोंदवले. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, ती लावली नाही.

म्हणून हा तांत्रिक दोष होता, हे मला मान्य नाही. बाकी तीन आरोप परिणामांचे होते, हा एक कार्यपद्धतीचा. परिणामांवर तज्ज्ञ वर्षानुवर्षे वाद घालतील. विषय टेबलावर आला होता की नव्हता, याला हो किंवा नाही एवढीच उत्तरे आहेत.

नंतर

बँकवाल्यांचे काय झाले, ते वेगळे प्रकरण आहे. आक्रानेस या छोट्या गावातले माजी पोलीस प्रमुख ओलाफुर हाउक्सन विशेष सरकारी वकील झाले, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये कौपथिंगच्या चौघांना सर्वोच्च न्यायालयाने चार ते साडेपाच वर्षांच्या शिक्षा दिल्या. अर्थखात्याचे सचिव बाल्दुर गुदलौग्सन यांनी आतली माहिती हाताशी असताना लांड्सबांकीचे शेअर विकले म्हणून त्यांना दोन वर्षे. म्हणजे कोसळण्याचा जाब न्यायालयात मिळाला, तो खासगी फायदा करून घेणाऱ्यांकडून. राज्य चालवणाऱ्यांच्या वाट्याला ते एक कलम 17.

मतपेटीची स्मृतीही फार टिकली नाही. ज्या सरकारने राडारोडा उपसला, त्यातल्या सोशल डेमोक्रॅटिक आघाडीची मते 2013 मध्ये 29.8 टक्क्यांवरून 12.9 टक्क्यांवर आली आणि इंडिपेंडन्स पक्ष पुन्हा सत्तेत बसला. हार्दे 2015 मध्ये अमेरिकेत राजदूत झाले.

सरकारी कामकाजाचा नवा कायदा सप्टेंबर 2011 मध्येच झाला होता. बैठकांच्या नोंदींचे नियम त्यात कडक केले गेले. मंत्रिमंडळाच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण करावे अशीही तरतूद त्यात होती. ती अमलात येण्याआधीच वगळली गेली.

हार्दे मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेले होते. 23 नोव्हेंबर 2017 रोजी तिथला निकाल लागला : खटला अन्यायकारक नव्हता. त्याच्या काही दिवस आधी ‘मोर्गुनब्लादिद’ने एका दूरध्वनी संभाषणाचा मजकूर छापला होता. 6 ऑक्टोबर 2008, भाषणाचाच दिवस. एका बाजूला हार्दे, दुसऱ्या बाजूला ओद्सॉन. मध्यवर्ती बँकेने कौपथिंगला 50 कोटी युरो द्यायचे, यावर ते बोलत होते. हे पैसे बहुधा परत येणार नाहीत, असे ओद्सॉन सांगतात, आणि तरीही कर्ज दिले जाते. तीन दिवसांनी बँक बुडाली, रकमेचा मोठा हिस्सा गेला. संभाषण ध्वनिमुद्रित होते आहे, हे हार्दे यांना माहीत नव्हते. चौकशी आयोग, संसद आणि न्यायालय यांचे काम संपून गेल्यावर, नऊ वर्षांनी, तो मजकूर लोकांना वाचायला मिळाला, आणि तोही संभाषणातल्या दोघांपैकी एक जण संपादक असलेल्या वर्तमानपत्रातून.